अकरा मुलांचे टक्के

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांची बैठक झाली, तिथे पडद्यावर तक्ता लावला. हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत शाळांची नावं. सातवीच्या गणितात आमची शाळा लाल, ५४ टक्के. "मॅडम, गेल्या वर्षी ८७ होते. वर्षभर केलं काय?" भर बैठकीत अधिकाऱ्यांनी हे विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत पुढच्या शाळेचं नाव घेतलं. ते अजून खुपतंय.

शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. शिक्षण हक्क कायदा २००९चा. सहावीपासून पुढे गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र यांना प्रत्येकी एक तरी शिक्षक हवा, असं तो सांगतो. मी भाषेची. गणिताची जागा रिकामी, म्हणून गणितही माझ्याकडे आणि मुख्याध्यापकाचा प्रभारही. असं कितीतरी शाळांत चालतं.

टक्क्यांचं मात्र सांगायलाच हवं. यंदा सातवीत मुलं अकरा. सहा जणांना गणित जमलं, झाले ५४ टक्के. आदल्या वर्षी मुलं आठ, सात जणांना जमलं, झाले ८७. म्हणजे एका लेकराचे यंदा नऊ टक्के, गेल्या वर्षी साडेबारा. साठ मुलांच्या वर्गात एक घसरला तर दोन टक्केही हलत नाहीत. आमच्यासारखी शाळा म्हणूनच कधी यादीत अगदी वर जाते, कधी तळाला. दोन्ही वर्षी पुस्तक तेच होतं, शिकवणारी मीच होते, फळाही तोच.

बरं, मागे पडलेले पाच कोण? त्यातले चौघं ऊसतोडीला गेलेले. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, गुढीपाडव्याच्या आसपास परततात. आणि ज्या संकलित चाचणीवरून हे टक्के काढले, ती एप्रिलमध्ये.

त्यातल्या एका मुलीचा पेपर मी पुन्हा पुन्हा पाहिला. ३१५ भागिले १५. तिनं भागाकार मांडलाच नव्हता. ३१५ मधून १५ वजा, ३०० मधून १५ वजा, २८५ मधून १५ वजा, अशी ती खाली खाली आली होती. कागद संपला तेव्हा मागच्या पानावर गेली. अठरा वजाबाक्या, एकही चुकलेली नाही. ४५ उरले आणि वेळ संपली. अजून तीन वजाबाक्या केल्या असत्या तर उत्तर आलं असतं. चौकट कोरी, गुण शून्य. भागाकार म्हणजे काय हे त्या पोरीला पक्कं कळतं. रीत माहीत नाही, कारण रीत शिकवली त्या प्रत्येक हंगामात ती ऊसतोडीच्या कोपीवर धाकट्या भावाला सांभाळत होती. तक्त्यात ती आणि ज्याला वजाबाकीही येत नाही तो मुलगा एकाच लाल रंगात.

बैठकीतून निघताना वाटत होतं, ही चाचणीच बंद करावी. आता तसं वाटत नाही. चाचणी नसती तर त्या वजाबाक्या मला दिसल्याच नसत्या. वर्गात ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची, मान डोलवायची, आणि मी पुढे जायचे. मला परीक्षा हवी आहे. पण तिच्या आधारावर पुढे जे होतं त्याची भीती वाटते. २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. आठवीत मागे राहिलेला मुलगा कदाचित पुन्हा बसेल. मुलीचं आमच्याकडे लग्न ठरवतात.

म्हणून माझं मागणं साधं आहे. टक्क्यांशेजारी पट लिहा. लहान शाळांचा तीन वर्षांचा निकाल एकत्र धरा. हंगामात बाहेर गेलेल्या मुलांचा रकाना वेगळा करा, त्यांना झाकायला नव्हे, त्यांच्याकडे आधी जायला. गणिताची जागा भरा. आणि हंगामी वसतिगृहाची मंजुरी दिवाळीच्या आधी द्या. आया मला विचारतात, "मॅडम, यंदा पोरीला ठेवून जाऊ का? जेवणाचं, झोपायचं नक्की आहे ना?" वयात येणारी मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक दाराशी आलेला असतो. त्या दिवशी माझ्या हातात मंजुरीचा कागद नसेल, तर 'नक्की' कशाच्या जोरावर म्हणायचं?