कुणाचीच नसलेली वेळ

गावात पिठाची गिरणी आली तरी सणाची डाळ आणि अडीनडीचं दळण आजी घरीच दळायची. पहाटे ती जात्यावर बसली की मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पुन्हा निजायची. जात्याची घरघर अंगातून जायची आणि वर ओवी चालू. दिवसभर विचारल्याशिवाय न बोलणारी ही बाई त्या अंधारात माहेरची वाट, भाऊ, विठ्ठल, सासूचा जाच, सगळं एकामागून एक काढायची. आजोबा ओसरीवर निजलेले असायचे. त्यांनी कधी ऐकलं असेल, तर तसं दाखवलं मात्र नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे मला फार पुढे कळलं. लाखाहून जास्त! त्या म्हणणाऱ्या बहुतेक बायकांना अक्षरओळखही नव्हती. पहाटे उठून लिहिणाऱ्या मराठी माणसांचा इतिहास कुणी लिहिलाच, तर पहिलं प्रकरण जात्यापाशी सुरू व्हायला हवं.

शाळेत मात्र पहाट शिस्तीची झाली. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी 96 मिनिटांनी लागतो आणि 48 मिनिटं टिकतो, हे गुरुजींनी घोकून घेतलं. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीच्या मध्यावर सव्वासातला. म्हणजे हा मुहूर्तही सव्वा तास मागेपुढे सरकतो. गजर मात्र बारा महिने चारचाच. दहावीच्या वर्षी वडील मला उठवून पाय पाण्याच्या बादलीत ठेवायला लावायचे. पाय गार पडायचे, डोळे मिटायचे ते मिटायचेच. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, असं आता शास्त्रज्ञ सांगतात. त्या घड्याळाची जनुकं उलगडणाऱ्या तिघांना 2017 साली नोबेलही मिळालं. वडिलांना मात्र ते पटलं नसतं.

लग्नानंतर डोंबिवलीच्या चाळीत पहाट पाण्याची झाली. साडेचारला नळ यायचा आणि तासाभरात जायचा. हंडे, कळशा, मोरीतलं पिंप, मग डबे, मग गाडी. या उठण्यात पवित्र काही नव्हतं. पण पिंप भरायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ मला कुठे हलता यायचं नाही. मोरीच्या उंबऱ्यावर बसून मुलाच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर मी लिहायला लागले ते तिथे. पाणी वर येऊ लागलं की धारेचा आवाज चढत जातो. तो अमुक एका पट्टीला पोचला की वाक्य असेल तिथे टाकून उठायचं. माझ्या पहिल्या कथांची वाक्यं आखूड आहेत, त्याचं श्रेय एका समीक्षकांनी शैलीला दिलं होतं.

मन त्या वेळी ताजं असतं, हे खरं असेलही. पण मला वाटतं, आजीला आणि मला जे मिळालं ते घड्याळातून आलेलं नव्हतं. त्या वेळात आम्हाला कुणी हाक मारत नव्हतं, एवढंच. आता सोसायटीत चोवीस तास पाणी आहे आणि पाचपासून फोनवर सुविचार यायला लागतात. कुणाचीच नसलेली ती वेळ आता सगळ्यांची झाली आहे.

पहाटे उठण्याचे गोडवे गाणारे अँथनी ट्रॉलपचं उदाहरण देतात. हा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरी करायचा. साडेपाचला टेबलाशी बसून, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचा. त्याला उठवून कॉफी आणून देणारा एक म्हातारा नोकर होता. या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत, असं ट्रॉलपनं स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. हा नोकर बाकीच्यांच्या भाषणांत कधी येत नाही.

सून भाषांतरं करते. बाळ झोपलं की रात्री अकराला बसते, कधी दोन वाजतात. नातेवाईक मला सांगतात, तिला पहाटे उठायची सवय लावा, डोकं चांगलं चालतं. मी मुळीच लावणार नाही. चारच्या सुमारास बाळ रडलं तर मी घेते, म्हणजे ती सातपर्यंत झोपू शकते. अशा दिवशी माझं एक पानही होत नाही आणि माझी चिडचिड होते. ट्रॉलपच्या नोकराला निदान पाच पौंड तरी मिळायचे.