निर्मळचा पाळणा

कार्तिक वद्य एकादशीला वसईतल्या निर्मळची जत्रा सुरू होते. आमच्या लहानपणी तिथला पाळणा लाकडी होता, चार खणांचा, दोघं गडी हातानं फिरवत. खण वर गेला की तळं दिसे, त्यापलीकडे केळीच्या बागा. उतरल्यावर बाबा सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, घेऊन देत.

१९८९ला गोराईला एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान उघडलं. भाईंदरला उतरून उत्तनमार्गे बस धरली की झालं. जत्रेत प्रत्येक पाळण्याला वेगळे पैसे पडत आणि आईनं पर्स मिटली की आमचं बसणं संपे. इथे दारात एकदा तिकीट काढलं की दिवस आपला. ‘झिपर डिपर’मधून उतरून धावत पुन्हा त्याच रांगेत उभं राहायचं, कुणी हिशेब मागत नसे. मध्यमवर्गीय घरातल्या पोराला एवढी मोकळीक दुसरीकडे कुठे मिळणार?

२०२२मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं. शेजारचं वॉटर किंगडम चालू राहिलं. करोना हे निमित्त सगळ्यांच्या तोंडी असतं, पण मला ते पुरेसं वाटत नाही. अशा बागेत गर्दी सुट्ट्यांची, पावसाळा जवळजवळ रिकामा; यंत्रांची देखभाल, गंज, पगार मात्र बारमाही. २०१३ला खोपोलीजवळ इमॅजिका हे नवं उद्यान आलं, मॉलमध्ये गेम झोन आले. २०१७ला तिकिटावर जीएसटी २८ टक्के लागला, तो पुढच्या वर्षी १८वर आला. शिवाय पाळणा जुना झाला की नवा आणायला कोटींचा खर्च, आणि पाळण्याखालच्या जमिनीचा भाव तर दरवर्षी वाढतोच. दिल्लीचं अप्पू घर हे असंच उद्यान १९८४ला सुरू झालं, २००८ला बंद पडलं. जागा गेली सर्वोच्च न्यायालयाला आणि मेट्रोला. शहर वाढलं की मुलांच्या खेळाची जागा आधी जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

निर्मळचा पाळणा टिकला, कारण तो जागा अडवत नाही. आता तो लोखंडी आहे, विजेवर फिरतो, ट्रकमधून येतो, जत्रा संपली की नटबोल्ट सुटे होऊन पुढच्या गावी जातो. बारा महिन्यांचं भाडं त्याच्या डोक्यावर नसतं, म्हणून मजुराचं पोरही त्यात बसू शकतं. पण तेवढे दिवस तरी मोकळी जमीन लागतेच, आणि आमच्याकडे वाडी विकली की तिथे इमारत उठते. वसई-विरारच्या विकास आराखड्यात जत्रेची जागा जत्रेसाठीच राखली पाहिजे. आत्ताच, ती शिल्लक आहे तोवर.