लगाम कोणाच्या हाती?

जत्रेतील पाळण्यात बसणारा माणूस आपला जीव पाळणेवाल्याच्या हवाली करतो. गती वाढवणारा तोच आणि थांबवणाराही तोच. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९७८ ते १९९६ या काळात चाललेल्या 'अ‍ॅक्शन पार्क' या उद्यानातील डोंगरउतारावरच्या घसरगुंडीचा प्रकार मात्र निराळा होता. तेथे प्रत्येकाला एक छोटी गाडी मिळे. तिचा दांडा पुढे लोटला की वेग वाढे, मागे ओढला की ब्रेक लागे. आपली गती आपणच ठरवण्याचा आनंद मोठा खरा. पण वळणावर वेग किती असावा, हे नवख्याला कसे कळावे? १९८० मध्ये एक गाडी मार्गाबाहेर गेली आणि एक एकोणीस वर्षांचा तरुण डोके दगडावर आपटून मरण पावला.

लगाम स्वाराच्या हाती दिला, म्हणून वाट बांधणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. माणसाचा हात चुकणारच, हे गृहीत धरूनच वाट बांधावी लागते. आज अनेक ठिकाणी अशा गाड्या रुळांना जखडलेल्या असतात. वेग मर्यादेपलीकडे जाऊ लागला, की तो आपोआप रोखला जातो. स्वाराला स्वातंत्र्य जरूर असावे. मात्र त्याच्या क्षणभराच्या चुकीचे मोल प्राणाने चुकवावे लागू नये.