शंभर नफिल

१९९५ साली रमजान फेब्रुवारीत आला आणि तो सरताच माझी बारावीची परीक्षा. त्याकाळी सीईटी नव्हती. मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवरच. सहरीला उठायचे, फजर उरकायची आणि फिजिक्स उघडायचे. हो, 'उरकायची' हाच शब्द खरा. अभ्यासाचे निमित्त सांगून तरावीहलाही जात नव्हतो. मन्नत मात्र मानली होती : नंबर लागला तर शंभर रकात नफिल. अल्लाहशी चक्क सौदा!

एका रात्री घरीच इशा पढताना तिसरी रकात की चौथी, आठवेना. डोक्यात कार्बनची संयुगे. सज्दा-ए-सहव करून सलाम फेरला. खाटेवर दादी तस्बीह फिरवत होती.

"दोन सज्दे जास्तीचे केलेस. कुठं गेलतास रं?"

मला रडूच आले. नापास होईन, अब्बांचे पैसे वाया जातील, सगळे तिला सांगून टाकले.

"मग हे त्याला सांग की. मला काय सांगतोस?"

ता-हा सूरहमधली इल्म वाढविण्याची दुआ मला पाठ होती. पण त्या रात्री हात उचलून मराठीतच बोललो. भीती वाटते, एवढेच. मग कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो.

नंबर लागला नाही. बी.एस्सी. करून मास्तर झालो. निकालानंतर दादीने विचारले, "नफिल?"

"नंबर नाही, म्हणजे वाजिब नाही," मी म्हणालो. ती गप्प राहिली.

त्या रात्रीपासून दोन-दोन करून पढलो. पन्नास रात्री लागल्या.