दगडी घरांचा देश

आमच्या घरी वडिलांच्या शाळेतला एक जुना नकाशासंग्रह आहे. त्याची पुठ्ठ्याची बांधणी केव्हाच सुटली, पण वडिलांची वस्तू म्हणून आम्ही तो रद्दीत घातला नाही. परवा आमची मुलगी गृहपाठासाठी त्यातले आफ्रिकेचे पान उघडून बसली आणि म्हणाली, "पप्पा, यात झिंबाब्वे कुठेच नाही." नव्हतेच. त्या जागी 'ऱ्होडेशिया' असे छापले होते, आणि राजधानी सॅलिसबरी.

वडिलांच्या पिढीला झिंबाब्वे ठाऊक झाला तो १९८३ च्या विश्वचषकातल्या कपिल देवच्या नाबाद १७५ धावांमुळे. मुलीला तेवढेच सांगून आम्ही सुटलो असतो. परंतु नावाचा विषय निघाला की आम्हाला थोडक्यात आटोपता येत नाही.

वाचकहो, ऱ्होडेशिया हे एका माणसाचे नाव आहे. सेसिल ऱ्होड्स हा हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेला इंग्रज. त्याच्या कंपनीला १८८९ साली राणीची सनद मिळाली, १८९० साली कंपनीची माणसे बंदुका घेऊन त्या मुलुखात शिरली आणि १८९५ साली देशाला मालकाचे नाव लागले. गुरांना डाग देतात तसे! शोना आणि एन्डेबेले लोकांनी १८९६-९७ साली उठाव केला, तो चिरडला गेला. उठावाची प्रेरणा मानल्या गेलेल्या नेहांदा या स्त्रीला १८९८ साली फाशी झाली. पुढे १९३० च्या कायद्याने सुमारे निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांसाठी राखली गेली.

पण जमिनीपेक्षाही आम्हाला चीड येते ती एका दुसऱ्याच चोरीची. त्या देशाच्या दक्षिण भागात 'ग्रेट झिंबाब्वे' नावाचे जुने दगडी नगर आहे. चुना नाही, गारा नाही. नुसते घडीव दगड एकावर एक रचून सुमारे ११ मीटर उंचीच्या भिंती उभ्या केल्या आहेत. शोना लोकांच्या पूर्वजांनी साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकांत हे काम केले. गोऱ्यांना ते पटेना. कोणी म्हणे फिनिशियनांनी बांधले, कोणी शेबाच्या राणीचे नाव घेई. काळ्या हातांनी एवढे काम होईलच कसे? डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी १९०५ साली आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या विदुषीने १९२९ साली उत्खनन करून हे आफ्रिकनांचेच काम असल्याचे सांगितले, तरी राज्यकर्ते ऐकेनात. हेच सत्य मांडणाऱ्या पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० साली देश सोडावा लागला.

स्वातंत्र्याच्या चळवळीने नेमके तेच नाव उचलले. शोना भाषेत झिंबाब्वे म्हणजे दगडी घरे. स्वातंत्र्य मिळाल्यावर समिती नेमून नाव शोधले असे झाले नाही. १९६१ साली निघालेल्या 'झापू' आणि १९६३ च्या 'झानू' या दोन्ही पक्षांच्या नावात ते आधीच होते. देश अजून ऱ्होडेशिया, आणि लोक मात्र झिंबाब्वेचे!

१९६५ साली इयन स्मिथने गोऱ्यांची सत्ता टिकवण्यासाठी ब्रिटनशी परस्पर फारकत जाहीर केली. त्यानंतर जंगलातले युद्ध पेटले, हजारो माणसे मेली. १९७९ साली तडजोड म्हणून देशाचे नाव 'झिंबाब्वे-ऱ्होडेशिया' ठेवण्यात आले. अशा जोडनावाच्या तोडग्याबद्दल मराठवाड्यातल्या वाचकांना आम्ही काय सांगावे! तो तोडगा तिथे काही महिनेच टिकला. लंडनला लँकेस्टर हाऊसमध्ये त्या वर्षी डिसेंबरात करार झाला, निवडणूक झाली, १०० पैकी ५७ जागा मुगाबेंच्या पक्षाला मिळाल्या आणि १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र झाला. समारंभात बॉब मार्ले गायला. झेंड्यावर त्या दगडी नगरातला कोरीव पक्षी आला. दोन वर्षांनी सॅलिसबरीचे हरारे झाले. हरारे हे तोवर शहरालगतच्या काळ्यांच्या वस्तीचे नाव होते. वस्तीचे नाव राजधानीला लागले, हे आम्हाला सर्वांत आवडले.

पुढचेही मुलीला लपवले नाही. त्याच मुगाबेंच्या राजवटीत १९८० च्या दशकात माटाबेलेलँडमध्ये हजारो निरपराध मारले गेले. २००९ साली तिथे शंभर लाख कोटी डॉलरची एक नोट निघाली, बी. कॉम. होऊनही तीवरची शून्ये आम्हाला बोट ठेवून मोजावी लागली. मुगाबे २०१७ साली पायउतार झाले. "मग नाव बदलून काय मिळालं?" मुलीने विचारले.

आम्ही उठून कपाटातली पिशवी काढली. तीत गावाकडच्या जुन्या दप्तरातल्या कागदाची नक्कल आहे. आमच्या आजोबांचे नाव त्यात शेवटी 'या' लावून, कुत्र्याला हाक मारावी तसे लिहिले आहे. शेजारच्या ओळीतल्या प्रत्येक नावाला 'राव' किंवा 'जी' आहे. आजोबांना वाचता येत नव्हते. वडिलांना येत होते, म्हणून ते हा कागद कुणाला दाखवत नसत. दिवसभर लोकांचे नावदुरुस्तीचे अर्ज तपासणाऱ्या आम्हा कारकुनाकडून घरचा अर्ज तेवढा राहून गेला होता.

मुलीने कागद दोनदा वाचला. काही बोलली नाही. नकाशावर ऱ्होडेशियाच्या नावावर तिने रेघ ओढली, वर झिंबाब्वे लिहिले, आणि मग अर्जाचा मसुदा लिहायला आमच्या शेजारी येऊन बसली.