आजीचं इरलं

सोलापूरकडच्या आमच्या घरात आजीचं इरलं कित्येक वर्षं खुंटीला होतं. बांबूच्या कामट्यांची वीण, तिच्यात दडपलेली पानं, आणि ओणवं होऊन भात लावताना पाठ झाकावी असा लांब बाक. आमच्या नव्या मुलखात पाऊस म्हणजे चार सरी. ते अंगावर घ्यायची वेळच आली नाही. वाळलेल्या पानांचा चुरा खाली पडायचा आणि आई तो आजीच्या नकळत केरात भरायची.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात शंभरेक गावं गेली. त्यात आमचं एक. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, आजी सगळं 'आपलं बुडालं त्याच्या आधी की मागनं' असंच मोजायची. गावदेवीचा टाक कनवटीला लावून आणला होता. देवराई कशी आणणार? नाचणीवर वाढलेली बाई ज्वारीची भाकरी मुकाट्यानं खायची. 'पोट भरतंय,' म्हणायची. त्यापुढं काही नाही.

तिकडं पूर्वेला कृष्णेकडं जाणारं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीपार पोफळीला उतरवलं, त्यावर वीज झाली, गिरण्या-कारखाने चालले. काम थोरच. अभियंत्यांना नावं ठेवायचं मला कारण नाही. आमच्या वस्तीवर मात्र बरीच वर्षं रॉकेलची चिमणी होती.

धरण 1964 साली पुरं झालं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानं केला 1976 साली. म्हणजे कोयनेच्या माणसांना जे मिळालं ते उपकार म्हणून. हक्क म्हणून मागायला कागदच नव्हता. ज्यांना जमीन मिळाली त्यांतही कुणाला खडकाळ, कुणाला आधीच दुसऱ्याच्या वहिवाटीतली. कैकांना तीही नाही. त्यांची नातवंडं अजून कोयनानगरला आंदोलनाला बसतात, हातात आजोबांच्या नावचे कागद घेऊन. संकलन चालू आहे, यादी तयार होतेय, हे उत्तर त्यांनी आजोबांच्या तोंडूनही ऐकलेलं असतं.

आता त्याच खोऱ्याच्या काठानं नव्या महाबळेश्वर गिरिस्थानाची आखणी चालली आहे. होऊ दे. पण नारळ फोडायच्या आधी सरकारनं कोयनेची जुनी बाकी फेडावी. घेणेकरी एकेक करून मरतील म्हणून थांबण्यात अर्थ नाही. वारसनोंदी झाल्या आहेत.