अब्बांचा गुण्या

दहावीची परीक्षा संपल्यावर माझ्या मुलाने जेवताना सांगून टाकले, "अब्बू, मेरे को आयटीआय करना है. फिटर."

मी घास हातात धरून बघतच राहिलो. सायन्स, मग इंजिनियरिंग असे सगळे मी मनात ठरवून ठेवले होते. तोंडातून निघून गेले, "मास्तर का बेटा होके कानस घिसेगा?"

अब्बा पलीकडे खाटेवर बसले होते. त्यांनी चाळीस वर्षे सुतारकाम केले. त्याच कमाईतून माझे डीएड आणि नंतरचे बीएड झाले. ते काही बोलले नाहीत. पाणी पिऊन आडवे झाले. रात्रभर मला ते वाक्य टोचत राहिले, पण मी ते मागे घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाला माळ्यावरची पेटी उतरवायला लावली.

पेटीत दोन करवती होत्या. एक लाकूड उभे चिरायची, दुसरी आडवे कापायची. एवढी वर्षे त्याच घरात राहून मला दोघींतला फरक ठाऊक नव्हता. उभ्या चिरायच्या करवतीचे दात छोट्या पटाशीसारखे असतात, ते तंतू खरवडत पुढे जातात. आडव्या कापाचे दात चाकूच्या टोकासारखे, तंतू तोडणारे. दात एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वळवलेला असतो. त्यामुळे काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि करवत लाकडात अडकत नाही.

मग रंधा निघाला, पटाश्या निघाल्या, त्यांच्यासोबत लाकडी मोगरी. पटाशीवर लोखंडी हातोडी मारली तर मूठ फुटते, म्हणून ही मोगरी. आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली तिकोनी कानस. करवत बोथट झाली की अब्बा तिचा एकेक दात या कानशीने घासायचे. मुलगा ती हातात घेऊन बघत होता, तेव्हा अब्बा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लकडी का काम लोहे बगैर कब हुआ?"

उत्तर मला होते, हे मला समजले.

मी भाषा शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष नावांकडे गेले. रंधा फारसीतून आला. करवतीचे मूळ संस्कृत करपत्रात. लोहाराची सांडशी म्हणजे संस्कृतातला संदंश. आणि काटकोन तपासायचा गुण्या म्हणजे फारसी गोनिया. ग्रीकमध्येही कोनाला गोनियाच म्हणतात, तोच शब्द ट्रिगोनोमेट्रीत जाऊन बसला आहे. सुताराच्या पेटीत हे सगळे शब्द एकमेकांना टेकून पडलेले असतात. वर्गात मी हे फळ्यावर लिहून दाखवतो आणि मुले खूश होतात. पण ज्या हातांनी हे शब्द वापरात ठेवले, त्या हातांबद्दल आपण काय बोलतो, हा प्रश्न मी वर्गात कधी घेतला नाही.

मुलाने फळीवर गुण्या लावला आणि म्हणाला, "दादा, फली टेढी है." अब्बा हसले. "पहले गुनिया देख, फिर लकडी को नाम रख."

गुण्या कसा तपासायचा, हे त्यांनी दाखवले. फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवायचा आणि पात्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढायची. मग गुण्या उलटा करून, म्हणजे डावीकडचा उजवीकडे वळवून, त्याच जागेवरून दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या, तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. दुसरे कुठलेही माप लागत नाही. माप स्वतःच स्वतःची साक्ष देते.

मुलाने दुसरी रेघ ओढली. टोकाला केसभर फट दिसली. फळी बरोबर होती, गुण्याच सरकला होता.

त्या दोन रेघांकडे मी बराच वेळ बघत होतो. दरवर्षी निकालानंतर पालक शाळेत येतात. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाचे बेकरीत असतात. मी त्यांना मनापासून सांगतो की आयटीआय चांगले आहे, फिटर दोन वर्षांत होतो, हाताला कसब येते, लवकर कमावता होतो. ही माझी पहिली रेघ. तेच माप उलटून माझ्या घरी लावले, तर दुसरी रेघ भलतीकडेच गेली. म्हणजे इतकी वर्षे मी दुसऱ्यांच्या मुलांना जे सांगत होतो, ते त्यांच्यासाठी पुरेसे होते आणि माझ्या मुलासाठी कमी.

अजून एक गोष्ट आठवली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बीएडच्या प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायासमोर मी 'खासगी नोकरी' असे लिहिले होते. अर्ज भरताना अब्बा बाजूलाच बसले होते. त्यांना मराठी वाचता येत नाही, हे मला माहीत होते.

आपल्या बयानांमध्ये हजरत दाऊदसाठी लोखंड मऊ झाल्याचा उल्लेख येतो. हजरत जकरिया सुतार होते, हे हदीसमध्ये आहे. आपण ते ऐकून मान डोलावतो. घरी आल्यावर मुलीसाठी स्थळ बघताना मात्र मुलगा ऑफिसात आहे का, हे आधी विचारतो.

मिरजेचे उदाहरण मी आता मुलांना सांगू लागलो आहे. तिथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार आणि चकाकी देणारे. नावातच फारसी सैकल, म्हणजे चकाकी आहे. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, त्यांच्यातल्या काहींनी भोपळा आणि लाकूड हातात घेतले. त्यांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लोखंडावर तयार झालेला हात लाकडावर वाया गेला नाही. आमच्या घरात तो लाकडाकडून लोखंडाकडे निघाला आहे, एवढाच फरक.

संध्याकाळी अब्बांनी नातवाला कानस धरायला शिकवली. आधी मूठ बसव, उघड्या कानशीचे शेपूट तळहातात घुसते. पुढे जाताना दाब, मागे येताना हात हलका, कारण कानस पुढे जातानाच कापते. गुण्याचे पाते त्याने अगदी हलके घासले. पुन्हा रेघ, पुन्हा उलटी रेघ, पुन्हा थोडे घासणे. चौथ्या वेळी दोन रेघांची एक झाली. अब्बांचा थरथरता अंगठा त्या रेघेवरून फिरला.

मी खाटेजवळ जाऊन बसलो. बीएडच्या अर्जाचे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मालूम था. लिखते वक्त तेरा हाथ रुका था."

आयटीआयचा फॉर्म भरताना मुलाने मला शेजारी बसवून घेतले. आजोबांच्या व्यवसायासाठी त्यात रकाना नव्हता. असता तर मी सुतार असे स्वच्छ अक्षरात लिहिले असते. मी पालकाच्या जागी सही केली.